नऊ मजली ओ

ग्रासिएला मोंतिहोने चौतिसावा ओ काढला आणि तोही सपशेल पडला.

दिसायला तो गोल होता. कॉम्प्युटरवर काढलेलं वर्तुळ गोल असणारच, त्यात कौतुक कसलं? पण सिनेमाचं नाव होतं 'नून ग्रोव्ह', गोष्ट होती खोऱ्यातल्या शेवटच्या संत्र्याच्या बागेची, आणि इंग्रजी नावातल्या तीन ओंची तीन संत्री व्हायला हवी होती. ग्रासिएलाची संत्री ट्रकच्या चाकांसारखी दिसत होती. तिने खुर्ची मागे ढकलली आणि स्पॅनिशमध्ये एक शब्द उच्चारला. बरबँकच्या त्या ऑफिसात सिनेमांची नावं आणि पोस्टरं करणारी अकरा माणसं बसायची, त्यातल्या निम्म्यांना त्या शब्दाचा अर्थ कळत होता.

"ऐकलं मी," पाठीमागून कॉलीन म्हणाली. कॉलीन डब्रो म्हणजे ऑफिसची मालकीण. आवाज चढा, चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधण्यात दिवसातला अर्धा तास खर्च. "गुरुवारी स्टुडिओला नाव दाखवायचंय. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलीस, आता पहिल्यांदा तुझ्या एकटीचं काम आहे. दाखवण्यासारखं काही आहे का?"

"चाकं आहेत."

"चाकांच्या सिनेमाला वेळ आहे अजून. संत्री आण."

ती गेली. ग्रासिएलाने तोच ओ पुन्हा पडद्यावर मोठा केला. चित्र काढायच्या या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचे ठिपके नसतात. असतात ते बिंदू, आणि बिंदूंना बांधलेल्या रेघा. बिंदू ओढला की रेघ वळते. काढलेली आकृती नखाएवढी करा नाहीतर डोंगराएवढी, तिची कड फाटत नाही की धुरकट होत नाही. ग्रासिएलाचा या गोष्टीवर फार जीव होता. पण न फाटणारी कड आणि जिवंत कड यांत फरक असतो, आणि तो फरक पडद्याकडे बघून कळत नव्हता. तो कळणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

शनिवारी सकाळी ती बॉइल हाइट्सला गेली. गाडीच्या मागच्या सीटवर तीन फुटांचा ओ होता, जाड पुठ्ठ्यातून मशीनवर कापून घेतलेला, आणि पुढच्या सीटवर गोड पावाची पिशवी.

ओक्ताव्हियो बेरुमेन अंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसले होते. वय ब्याऐंशी. सोळाव्या वर्षी ग्रासिएला त्यांच्याकडे अक्षरं रंगवायला शिकायला गेली, तेव्हापासून ती त्यांना मायेस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणत आली होती, आणि ते तिला पोरी. पन्नास वर्षं त्यांनी या शहरात अक्षरं रंगवली होती. न्हाव्याच्या काचा, बेकरीच्या पाट्या, आणि ऐन भरात असताना सनसेट बुलेव्हार्डवरच्या उंच भिंती. तेव्हा सिनेमाच्या जाहिराती ब्रशने रंगवत. दोरांवर पाळणा टांगून चार माणसं सहा-सहा दिवस भिंतीवर लटकत. महिन्याभराने त्यावर पांढरा रंग मारून पुढचा सिनेमा चढे.

आता त्यांचे डोळे चालले होते. समोरचं माणूस समोरून दिसतच नसे. मधोमध राखाडी डाग, आणि कडेकडेने उरलेलं जग. वर्षअखेरपर्यंत कडाही जातील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मायेस्त्रोंनी ते ग्रासिएलाला पगारवाढीच्या बातमीसारखं सहज सांगितलं होतं, आणि ती घरी जाऊन रडली होती.

"काय आणलंस?"

"पाव आणि एक ओ."

"पाव आधी."

पाव खाऊन त्यांनी हात पुसले आणि ओ मांडीवर घेतला. डोळे मिटले. तर्जनी कडेवरून सावकाश फिरवू लागले. अर्धं वर्तुळही झालं नसेल, बोट थांबलं.

"इथे गाठ आहे. आणि इथे. इथे तर दोन." डोळे मिटलेलेच. "किती बिंदू घातलेस?"

"एकोणीस."

"एकोणीस! संत्रं आहे का सांगाडा आहे हा?"

ग्रासिएलाला हसू आलं आणि लाजही वाटली. रेघ सुधारायला म्हणून ती बिंदूमागून बिंदू घालत गेली होती, आणि प्रत्येक बिंदू आपल्या दोन्ही अंगांना हाताला लागेल अशी खोट ठेवून गेला होता. डोळ्याला कळत नव्हती, बोटाला कळली.

"चार पुरेत," ते म्हणाले. "फार तर पाचवा देठापाशी, तिथे फळ जरा आत जातं. आणि हा ओ तू शेजारच्या अक्षरांच्या ओळीत बसवला असशील. वर टेकलेला, खाली टेकलेला. काटेकोर."

"सॉफ्टवेअर आपोआप चिकटवतं ओळीला."

"मग त्याचा कान धर. गोल अक्षर ओळीत बसवलं की खुजं दिसतं. त्याला वर थोडं जाऊ दे, खाली थोडं सांडू दे. मोजून पाहिलं तर चूक, नुसतं पाहिलं तर बरोबर. विसरलीस?"

विसरली होती. सोळाव्या वर्षी तिने हेच ब्रशने घोटलं होतं, आणि गेल्या आठ वर्षांत सॉफ्टवेअरच्या लाडात ते हातातून निघून गेलं होतं.

"सिनेमात कोण आहे?"

"ऑगस्टा रीव्ह."

मायेस्त्रोंनी मान वळवली. तिच्याकडे पाहायचं असलं की ते तिच्या बाजूच्या कुंपणाकडे पाहत. "तिचं नाक रंगवलंय मी. चाळीस वर्षं झाली. सनसेटवर, पेढीच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर. चाळीस फूट चेहरा. नाकाच्या शेंड्यावर बसून जेवलोय मी."

"तुमचं नाव होतं कुठे भिंतीवर?"

"नाव?" ते मोठ्याने हसले. "पोरी, माझं नाव मी आयुष्यात एकाच ठिकाणी रंगवलंय. दारातल्या टपालपेटीवर. बाकी शहरभर दुसऱ्यांचीच."

ते थट्टेने बोलले. ग्रासिएलाने मात्र ते मनात ठेवलं.

सोमवारी तिने पाच बिंदूंत ओ काढला. ओळीच्या वर केसभर, खाली केसभर. पडद्यावर तो येताच शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून आला आणि तिथेच उभा राहिला. संत्रं झालं होतं. ते सोलावंसं वाटत होतं.

त्या ऑफिसात एक खोडी पूर्वापार चालत आली होती. प्रत्येकजण आपल्या कामात कुठेतरी काहीतरी लपवी. कुणी कुत्र्याचं नाव, कुणी लग्नाची तारीख. हजार पट मोठं केल्याशिवाय दिसायचं नाही एवढं बारीक. आणि काम स्टुडिओला देण्याआधी ते काढून टाकायचं, हा नियम. ग्रासिएलाने मधल्या संत्र्यावर पेटीतल्या फळावर असतो तसा एक गोल शिक्का काढला, तिळाएवढा, आणि शिक्क्यात लिहिलं: ओ. बेरुमेन. तो ओ त्यांचाच तर होता. अक्षरांमधली जागा लावण्यात तिने पाऊण तास घातला. कुणी पाहणार नव्हतं, तरीही घातला.

बुधवारी, देण्याआधी, चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी 'शिक्का' नावाचा थर तिने पुसला. थर गेला. ती निर्धास्त झाली.

पण त्याच्या आदल्याच दिवशी तिने शिक्क्याची कड आणि अक्षरं संत्र्याच्या आकारातून कोरून आरपार केली होती. ती थरातून निघून संत्र्यात गेली होती. बुधवारी तिने पुसला तो रिकामा थर. सॉफ्टवेअर काही बोललं नाही. ती सांगेल तेवढंच ते करायचं, नोकरासारखं.

गुरुवारी स्टुडिओने नाव पाहिलं आणि पहिल्या फेरीतच मंजूर केलं. कॉलीनने असं याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला आनंदाआधी संशय आला. दोन महिन्यांनी दुसरी बातमी आली. सिनेमाची पहिली जाहिरात म्हणून नावसुद्धा नको, नुसता मधला ओ. सनसेट बुलेव्हार्डवर, नऊ मजली भिंतभर. एक संत्रं, बस्स.

"नऊ मजले!" कॉलीनने तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर आपला चष्मा वाकवून घेतला.

शुक्रवारी सकाळी भिंतीवर भलामोठा छापील पडदा चढला. दहा वाजता कॉलीनचा फोन वाजला. सव्वादहाला तिने ग्रासिएलाला आत बोलावलं. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता, त्यावरूनच ग्रासिएलाने ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय.

"बेरुमेन कोण?"

कॉलीनने फोन पुढे केला. रस्त्यावरून कुणीतरी फोटो काढून टाकला होता. नऊ मजली संत्रं, त्यावर माणूस मावेल एवढा शिक्का, आणि शिक्क्यात अक्षरं, एकही कड न फाटलेली, स्वच्छ. खाली लोकांनी विचारलं होतं की हा बेरुमेन दिग्दर्शक आहे की खलनायक.

"मी काढला होता तो. थर पुसला मी, कॉलीन. देवाशपथ पुसला."

"थर पुसलास. नाव नाही पुसलंस." कॉलीन खाली बसली. "आता ऐक. स्टुडिओचा वकील प्रूइट पाव तास माझ्या कानाशी करवादत होता. ऑगस्टा रीव्हच्या करारात काय आहे माहीत आहे? सिनेमाच्या नावाच्या चित्रात कुणाही माणसाचं नाव येता कामा नये. आलंच, तर तिचंही यायला हवं, तेवढ्याच उंचीचं. तो पट्टी घेऊन बसलाय. अक्षरशः पट्टी घेऊन."

यात नवल नव्हतं. या धंद्यात नावांची उंची पट्टीनेच मोजतात. अमक्याचं नाव शीर्षकाच्या इतके टक्के, तमक्याचं तितके, आणि अर्ध्या टक्क्यावरून माणसं कोर्टात गेली आहेत. पोस्टरच्या तळाशी जी उंच, काटकुळ्या अक्षरांची दाटी असते ती त्यापायीच.

"मग आता?"

"सोमवारी सकाळी सातला शिक्क्यावर नारिंगी तुकडा चिकटवणार. विषय संपला. तुझ्यावर खापर फुटणार होतं, मी ऑफिसवर घेतलं. आता उद्या तू भिंतीपाशी जा आणि तुकड्याचा रंग उन्हात जुळवून आण. उद्या तिथे ऑगस्टा रीव्हचे फोटो काढणार आहेत. तिच्या वाटेला जायचं नाही. बोलायचं नाही. बघायचंसुद्धा नाही. बाहेर नोकऱ्या कमी आहेत, ग्रासिएला, आणि माझ्याकडची मी आजच एकदा वाचवलीये."

ग्रासिएला जागेवर येऊन बसली. चूक तिची होती, त्याबद्दल तिला शरम होती. पण शरमेच्या खाली दुसरंच काहीतरी धडधडत होतं. मायेस्त्रोंचं नाव सनसेटवर चढलं होतं, नऊ मजल्यांवर, सोमवार सातपर्यंत. आणि वर्षअखेरीला आता दहाच आठवडे होते.

शनिवारी तीन वाजता तिने त्यांना गाडीत घातलं. कुठे ते सांगितलं, का ते सांगितलं नाही. "माझा ओ लागलाय, बघायला चला," एवढंच. मायेस्त्रोंनी स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली, आणि वाटभर तिला कुठल्या वळणावर पूर्वी कुठली भिंत होती ते सांगत राहिले. समोरचं काही दिसत नव्हतं, पण एकही वळण चुकलं नाही.

भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत फोटोवाल्यांचे दिवे, छत्र्या, गाड्या. मधोमध उंच खुर्चीवर ऑगस्टा रीव्ह बसली होती. चौसष्ट वर्षांची, पांढरे केस आखूड कापलेले, डावी भुवई उजवीहून दोन बोटं वर, जणू समोरच्याचं काहीच तिला पटत नव्हतं. त्या भुवईवर तिची अर्धी कारकीर्द उभी होती. शेजारी कोटातला एक घामेजला माणूस हातात फाइल धरून उभा होता. ग्रासिएलाने ओळखलं, प्रूइट.

ग्रासिएला मायेस्त्रोंना गाडीपाशी उभं करून रंगांचे नमुने काढायला वळली. इतक्यात खुर्चीवरून आवाज आला.

"माझ्या संत्र्यावर हा कोण बसलाय? बेरुमेन कोण?"

"छापण्यातली चूक, मिस रीव्ह," प्रूइट लगबगीने म्हणाला. "सोमवारी सकाळी झाकतोय आम्ही. तुमच्या कराराला धक्का लागणार नाही."

"मी कराराचं विचारलं नाही. कोण ते विचारलं."

"कुणी नाही. कुणीच नाही तो."

ग्रासिएलाने नमुने गाडीच्या टपावर ठेवले. कॉलीनचं एकेक वाक्य तिला आठवत होतं, क्रमाने, चढ्या आवाजासकट. नोकरी जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण 'कुणीच नाही' हे तिच्याच्याने ऐकवेना.

"चूक माझी आहे," ती पुढे होत म्हणाली. "नाव मी काढलंय सिनेमाचं. आणि ते कुणीच नाही असं नाहीये. तो ओ ज्यांनी मला दुरुस्त करून दिला त्यांचं नाव आहे ते. ओक्ताव्हियो बेरुमेन. ते इथेच आहेत."

सगळे वळले. मायेस्त्रो गाडीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय लिहिलंस तू भिंतीवर?"

"मायेस्त्रो, मी..."

"रंगारी सही करत नाही! सोळाव्या वर्षापासून सांगतोय तुला. भिंत आपली नसते. चारचौघांत हे काय करून ठेवलंस?" ग्रासिएलाला वाटलं, सगळंच हातचं गेलं, नोकरी तर गेलीच, हेही गेले.

ऑगस्टा रीव्ह खुर्चीवरून उतरली. "तुम्ही रंगारी होता?"

"होतो, सेन्योरा." मायेस्त्रोंनी टोपी काढली. आवाजाच्या दिशेने पाहण्यासाठी त्यांनी तोंड पलीकडच्या धोबीदुकानाकडे वळवलं. "याच भिंतीवर तुम्हाला रंगवलंय. खालच्या चार मजल्यांवर. तुमचा पहिला सिनेमा."

तिने वर भिंतीकडे पाहिलं.

"तुमची डावी भुवई वर आहे," ते पुढे म्हणाले. "स्टुडिओचा माणूस खालून ओरडत होता, सरळ कर, दोन्ही सारख्या कर. मी म्हटलं, सरळ केली तर ही बाई दुसरीच कुणीतरी होईल. तो गेल्यावर मी ती होती तश्शीच रंगवली. आणखी बोटभर वर नेली, खरं सांगायचं तर. लांबून बरोबर दिसावी म्हणून."

फोटोवाला हसला. ऑगस्टा रीव्ह हसली नाही. ती मायेस्त्रोंच्या अगदी जवळ आली.

"चोवीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "रोज सकाळी मेकअपवाली माझी ही भुवई उपटून सरळ करायची. मग एक दिवस बसमधून ही भिंत पाहिली. चाळीस फूट उंच, आणि भुवई वाकडी. मला वाटलं, कुणाला तरी ही आवडली आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, हात लावायचा नाही." तिने न वळता हात मागे केला. "मिस्टर प्रूइट, लेखी परवानगी दिली तर नाव राहू शकतं ना?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो. पण मिस रीव्ह, समान उंचीचं कलम आहे. त्यांचं नाव आहे तर तुमचंही तेवढंच..."

"चाळीस फूट माझा चेहरा होता तेव्हा त्यांचं नाव किती उंच होतं? ती पट्टी काढा तुमची, मोजून सांगा."

प्रूइटने पट्टी काढली नाही.

"झालं मग समसमान. कागद आणा."

कागद झाला. फाइलच्या पाठीवर प्रूइटने चार ओळी लिहिल्या आणि तिने गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही ठोकली. मग मायेस्त्रोंचा हात दोन्ही हातांत घेऊन ती बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलली. काय ते ग्रासिएलाने ऐकलं नाही. ती तेव्हा कॉलीनला फोन लावत होती.

"बोललीस तिच्याशी?" कॉलीन ओरडली. "सांगितलं होतं ना मी? सक्त सांगितलं होतं!"

"सही मिळाली, कॉलीन. नाव राहणार."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज, बहुधा चष्मा.

"सोमवारी नऊला ये," कॉलीन म्हणाली. "उशीर केलास तर खरंच काढीन."

दिवे उतरले, गाड्या गेल्या. मोकळ्या जागेत ती दोघंच राहिली. मायेस्त्रोंचा राग अजून पुरता उतरला नव्हता, निदान तसं ते दाखवत होते.

"कुठे आहे म्हणालीस?"

तिने त्यांना भिंतीसमोर नीट उभं केलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, म्हणजे धोबीदुकानाकडे तोंड फिरवलं. आपलं नाव पाहायला त्यांना त्याच्यावरून नजर काढावी लागत होती.

"संत्रं दिसतंय," ते म्हणाले. "छान बसलंय. गाठ नाही कुठे. मधे वर एक ठिपका आहे."

"ते तुमचं नाव."

त्यांनी मान थोडी इकडे, थोडी तिकडे करून पाहिली. "ठिपकाच आहे," ते अखेर म्हणाले. "अक्षरं नाही येत." आणि मग तिचा पडलेला चेहरा न दिसताही त्यांना कळला असावा. "आता सावली आहे, पोरी. ही भिंत पूर्वेची आहे. सहा दिवस लटकलोय मी हिच्यावर, मला हिचं ऊन पाठ आहे. सकाळी साडेआठला बाजूच्या काचेवरून उजेड उलटतो आणि हिला दोन्हीकडून मिळतो. पाव तासच टिकतो. तेव्हा आण मला."

"उद्या?"

"उद्याच. नाव राहणार असलं तरी माझे डोळे थांबणार नाहीत."

रविवारी सव्वाआठला ती दोघं तिथे हजर होती. हातात दालचिनी घातलेल्या कॉफीचे दोन कप. रस्ता रिकामा होता. पूर्वेचं ऊन भिंतीवर चढत आलं, मग ते म्हणाले होते तसंच बाजूच्या काचेच्या इमारतीवरून उजेड उलटला आणि अख्खं संत्रं आतून पेटल्यासारखं झालं. शिक्क्यातून कोरलेली अक्षरं पांढरी उठली.

मायेस्त्रोंनी धोबीदुकानाकडे तोंड केलं. कॉफीचा कप तिच्या हातात दिला. ओठ हलू लागले.

"ओ," ते म्हणाले. मग थांबले. मान तसूभर वळवली. "बी. ई. आर."

ग्रासिएला तशीच उभी होती. दोन्ही हातांत कप, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"यू. एम. ई." शेवटच्या अक्षरापाशी ते बराच वेळ थांबले. उजेड आता सरकायला लागला होता. "एन," ते म्हणाले, आणि टोपी काढून छातीशी धरली.

एक बस गेली. ऊन शिक्क्यावरून उतरलं, अक्षरांचा पुन्हा ठिपका झाला. मायेस्त्रो तरी तसेच उभे होते.

"पोरी," ते शेवटी म्हणाले. आवाज जड होता, पण मास्तरकी गेली नव्हती. "यू आणि एमच्या मधे जागा जरा जास्त सोडलीस."

"पाऊण तास लावला होता मी त्याला."

"मग एक तास लावायचा." त्यांनी चाचपडत तिच्या हातातून आपला कप घेतला. "पुढच्या वेळी बघ."